समुद्रातला सॅमन, नदीतला सॅमन

सिएटल शहरापासून उत्तरेकडे कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटापर्यंत जमिनीच्या पोटात शिरलेल्या ज्या खाड्या आहेत, तेथे गळाने सॅमन धरणाऱ्या लोकांत एक कसब आस्थेने शिकविले जाते, आणि ते म्हणजे हेरिंग नावाच्या वीतभर चंदेरी माशाचे डोके छाटण्याचे. हे डोके सरळ आडवे उडवून भागत नाही. कल्ल्यांच्या मागे सुरी टेकवून तिचे पाते एकाच वेळी दोन अंगांनी तिरपे धरावे लागते, छाटीच्या तोंडातून आतडी अलगद ओढून काढावी लागतात, आणि मिठाच्या थंड पाण्यात काही तास मुरवून घट्ट केलेल्या त्या धडात दोन गळ अशा बेताने रोवावे लागतात, की नाव सावकाश पुढे सरकू लागताच ते धड पाण्यात स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागेल. कारण तिरप्या छाटीवर पाण्याचा दाब एका बाजूस अधिक पडतो, आणि मेलेले हेरिंग हे जखमी होऊन थव्यामागे पडलेल्या जिवंत हेरिंगचा आभास निर्माण करते. छाटीचा कोन किंचित बदलला, की गिरकीचा वेग आणि घेर दोन्ही बदलतात. चपळ कोहो जातीच्या सॅमनला जलद व आवळ गिरकी भुलविते, तर धिप्पाड चिनूकला संथ व रुंद, असा तेथील जाणत्यांचा अनुभव आहे. आमिषाच्या वर सहा-सात फूट तंगूस सोडून बाकदार शिशाचे वजन बांधतात आणि त्याला फिरत्या कड्या जोडतात, म्हणजे आमिषाच्या गिरक्यांनी मुख्य दोरीला पीळ पडत नाही. एक हेरिंग, दोन गळ, थोडे शिसे, एवढ्या सामग्रीवर तेथील किती तरी लोक आजही समाधानाने मासे धरतात.

परंतु तेथल्याच एखाद्या गळांच्या दुकानात नवखा माणूस शिरला, तर भिंतभर टांगलेले रंगीबेरंगी चमचे, प्लॅस्टिकची माकुळे, लाकडी मासे, पिसांच्या माश्या आणि अंड्यांच्या बरण्या पाहून तो गांगरून जातो, आणि यांतले उत्तम कोणते, असा प्रश्न विचारून बसतो. माझ्या मते या प्रश्नाच्या अगोदर दुसरा एक प्रश्न विचारावयास हवा: ज्या माशाला आपण धरू पाहतो, तो आपल्या आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आहे? सॅमन नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालण्यासाठी बहुधा आपल्या जन्मनदीतच परत येतो, हे सर्वश्रुत आहे. पण नदीत प्रवेश केल्यावर तो अन्न घेणे जवळजवळ सोडून देतो, त्याचे जठर व आतडी आक्रसू लागतात आणि पुढचा सारा प्रवास तो समुद्रात साठविलेल्या चरबीवर करतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील चिनूक, कोहो, सॉकाय, चम आणि पिंक या पाचही जाती अंडी घातल्यावर मरतात. अटलांटिक सॅमनमधील काही मात्र जगून पुन्हा समुद्र गाठतात. तेव्हा समुद्रात आमिष दाखवावयाचे ते भुकेल्या प्राण्याला, आणि नदीत दाखवावयाचे ते ज्याची भूकच मावळली आहे अशा प्राण्याला. एकाच माशासाठी दोन सर्वस्वी निराळ्या विद्या निर्माण झाल्या आहेत, त्यांचे मूळ या भेदात आहे.

समुद्रातील विद्या त्या मानाने सरळ आहे. तेथे मासा ज्यावर ताव मारीत असेल, त्याचे रूप, आकारमान आणि चाल यांची नक्कल साधली पाहिजे. चिनूक हा हेरिंग आणि वाळूत दडणाऱ्या निमुळत्या सँड लान्स माशांचा भोक्ता असून तो पुष्कळदा शंभर-दीडशे फूट खोलीवर वावरतो. कोहो पृष्ठभागाच्या अधिक जवळ असतो. सॉकाय तर मुख्यतः सूक्ष्म प्लवक आणि कोळंबीसदृश क्रिल गाळून खाणारा असल्यामुळे मोठे हेरिंग त्याच्यापुढे धरणे व्यर्थ होय. सिएटलच्या लेक वॉशिंग्टन सरोवरात सॉकायसाठी आमिषावाचून नुसता तांबडा गळ वापरण्याची रीत पडली, तिचे नवल नवख्याला वाटते, पण क्षुल्लक आकाराच्या भक्ष्यावर वाढलेल्या या माशाचा आहार ध्यानात घेतला म्हणजे त्या रीतीतील शहाणपण कळते.

आमिष माशापर्यंत नेण्यासाठी जी जोडणी करावी लागते, तिच्यातील सर्वांत चतुर वस्तू म्हणजे फ्लॅशर. ही सुमारे 11 इंच लांबीची, टोकांशी बाक दिलेली चकचकीत पट्टी नावेमागून ओढली जात असताना गोल गोल फिरते आणि भक्ष्यावर तुटून पडलेल्या सॅमनच्या अंगाप्रमाणे दुरून लखलखते, म्हणून अन्य मासे कुतूहलाने जवळ येतात. पण तिचे खरे काम पुढेच आहे. तिच्यामागे बांधलेल्या प्लॅस्टिकच्या माकुळाला, ज्याला तेथे हूची म्हणतात, स्वतःची अशी कोणतीच हालचाल नसते. फ्लॅशरच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर बसणारा हिसका हाच त्याचा प्राण. म्हणून दोहोंमधील तंगूस किती लांब ठेवावे, यावर सगळे अवलंबून असते. हूचीसाठी ते साधारणतः दोन ते साडेतीन फूट ठेवतात. लांबी कमी केली तर हिसका वाढतो, अधिक केली तर हूची निर्जीवपणे फरफटत जाते. याउलट गिरकी घेणारे हेरिंग फ्लॅशरमागे लावावयाचे असेल, तर त्याची स्वतःची चाल बिघडू नये म्हणून पाच-सहा फुटांचे अंतर सोडतात. रंगांच्या निवडीवर लोक तासन्‌तास वाद घालतात, पण तांबडा रंग पाण्याच्या पहिल्या काही मीटरांतच विझून जातो आणि खोलवर हिरवा-निळाच काय तो उरतो, एवढे भौतिकशास्त्र ध्यानी ठेवले म्हणजे बराचसा वाद मिटतो. मला विचाराल तर रंगापेक्षा तंगुसाच्या लांबीवर खर्च केलेला वेळ अधिक सत्कारणी लागतो. एवढी मांडणी दीडशे फुटांवर टिकून राहावी म्हणून 10 ते 15 पौंडांचा शिशाचा गोळा तारेने सोडतात आणि गळाची दोरी त्याला चिमट्याने अडकवितात. मासा लागताच चिमटा सुटतो.

नदीच्या मुखातून आत शिरलेल्या सॅमनपुढे मात्र ही सारी युक्ती निम्मी निष्प्रभ ठरते. न खाणारा हा मासा आमिष तोंडात का घेतो, याविषयी मतभेद आहेत. कोणी त्यास क्रोध म्हणतात, कोणी समुद्रातील सवयीची स्मृती. पण त्याचे घ्राणेंद्रिय या काळात अत्यंत जागृत असते, याबद्दल दुमत नाही, कारण विस्कॉन्सिनचे प्राणिशास्त्रज्ञ आर्थर हॅस्लर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 पासून मांडलेल्या व पुढे प्रयोगांनी दृढ केलेल्या विचारानुसार तो आपली जन्मनदी वासावरूनच ओळखतो. ब्रिटिश कोलंबियात 1950 च्या दशकात झालेल्या प्रयोगांत असेही आढळले, की नदी चढणाऱ्या सॅमनच्या वरच्या अंगास मनुष्याने नुसते हात धुतले, तरी माशांची चढण काही काळ थबकते. सस्तन प्राण्यांच्या त्वचेवरील सेरीन हे द्रव्य त्यांना अस्वल किंवा सील जवळ असल्याची सूचना देते. म्हणूनच आमिष हाताळताना हातमोजे घालणाऱ्या माणसाला भाबडा समजू नये.

नदीतील सर्वश्रेष्ठ आमिष सॅमनचीच अंडी. मादीच्या पोटातील अंडकोश टाकणखार, मीठ आणि साखर यांत मुरवून टिकाऊ करतात, अंगठ्याच्या पेराएवढा लपका कापतात आणि गळाच्या दांड्यावर बांधलेल्या सरकत्या फाशात तो अडकवितात. हा फासा नसता तर पहिल्याच फेकीत अंडी विखुरली असती. त्यानंतरचे सर्व कौशल्य खोलीचे आहे: तरंगत्या बुचाखाली वजन आणि आमिष अशा मापाने सोडावे, की अंडी तळापासून फूटभर वर, प्रवाहाच्याच गतीने वाहत जातील. प्रवाहापेक्षा वेगाने किंवा सावकाश जाणारे अंडे माशाला संशयास्पद वाटते.

याच ठिकाणी एका पद्धतीविषयी स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. फ्रेझर नदीत दाटीने चढणाऱ्या सॉकायच्या थव्यांतून दहा-पंधरा फुटांचे लांब तंगूस तळाशी घासत नेतात. ते माशाच्या उघडमीट करणाऱ्या तोंडातून सरकते आणि गळ बाहेरून जबड्यात रुततो. मासा येथे काही घेतच नाही, त्याची संमती तर नाहीच, पण फसगतही नाही. कायद्याच्या दृष्टीने या प्रकाराला जागा मिळाली असली, तरी त्यास गळविद्या म्हणण्यास माझे मन धजत नाही. आमिष हे माशाच्या स्वभावाशी केलेले संभाषण असते, आणि हे संभाषणच तेथे नाहीसे होते.

स्कॉटलंडमध्ये याच कारणास्तव पिसांच्या माशीला जवळजवळ धर्माचे स्थान प्राप्त झाले आहे. वसंतातील थंड पाण्यात मोठी व जड माशी बुडत्या दोरीवर खोल पोहोचवावी, आणि उन्हाळ्यात पाणी तापल्यावर लहान, हलकी माशी पृष्ठभागालगत तरंगत्या दोरीवर न्यावी, हा सामान्य दंडक. डी नदीवरील केर्नटन येथे आर्थर वूड यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी दोरीला चरबी चोळून ती तरंगती ठेवण्याची रीत रूढ केली, तेव्हा उन्हाळी सॅमनच्या शिकारीचे रूपच पालटले. तथापि ब्रिटनमध्ये गळाने धरलेला सर्वांत मोठा सॅमन माशीवर आलेला नाही. 7 ऑक्टोबर 1922 रोजी टे नदीवर जॉर्जिना बॅलंटाइन या तरुणीने, वडील जेम्स नाव वल्हवीत असताना, 64 पौंडांचा सॅमन धरला, तो डेस नावाच्या छोट्या माशाच्या आमिषावर. शंभर वर्षे उलटली तरी तो विक्रम अबाधित आहे.

व्हँकूव्हर बेटावरील कॅम्बेल रिव्हर येथे 1924 साली स्थापन झालेल्या टाई क्लबचे नियम मला अतिशय प्रिय आहेत. नदीमुखाच्या डोहात किमान 30 पौंडांचा चिनूक धरणाऱ्यालाच सभासदत्व मिळते, परंतु इंजिनाविना वल्ह्याच्या नावेतून, 20 पौंडांपेक्षा बळकट नसलेल्या दोरीने, कृत्रिम आमिषावर आणि काट्याविना एकाच गळाने. समुद्र व नदी यांच्या सीमेवर, माशाची भूक नुकती मावळत असताना, हेरिंगचे साहाय्य न घेता त्याला भुलविण्याची ही अट म्हणजे खेळाडूने स्वतःवर लादलेली कसोटी आहे.

आता आमिषाची निवड केवळ माणसाच्या मर्जीवर राहिलेली नाही. खरे खाद्य आमिष म्हणून लावले, की मासा ते खोल गिळण्याचा संभव वाढतो, गळ कल्ल्यांत रुततो आणि सोडून दिलेला मासाही वाचत नाही. म्हणून किती तरी नद्यांवर अंडी व कोळंबी वापरण्यास मुभा नाही, आणि ब्रिटिश कोलंबियात सॅमनसाठी उलटा काटा असलेला गळ वापरण्यास मनाई आहे. प्युजेट साउंडमधील चिनूकची गणना 1999 साली अमेरिकन सरकारच्या दप्तरी संकटग्रस्त होण्याच्या मार्गावरील जीवांत झाली. आज तेथील गळवाल्याला परवाना खिशात ठेवून आधी माशाच्या पाठीचा मागील भाग पाहावा लागतो: शेपटीअलीकडील छोटा मांसल पर कापलेला असेल, तर तो सरकारी उबवणकेंद्रातला, आणि हंगाम व हद्द अनुकूल असल्यास ठेवण्याजोगा, तो शाबूत असेल, तर मासा बहुधा रानटी ठरतो, आणि ज्या सॅमनला ठेवण्याची बंदी आहे त्याला वॉशिंग्टन राज्याच्या सागरी हद्दीत नावेत ओढून घेण्यासही मज्जाव आहे, त्यामुळे गळ पाण्यातच, चिमट्याने उलटा फिरवून काढावा लागतो.