फिट, उपास आणि वाटीभर तूप

“गोळ्या बंद करा. पोराला शनिवारचा उपास धरायला लावा, रोज वाटीभर तूप पाजा, फिट येणंच थांबेल. अमेरिकेतसुद्धा हेच करतात.” खुलताबादेत हा सल्ला मी इतक्या वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे की आता त्याचा राग येतो. सांगणारे वाईट नसतात. भद्रा मारुतीच्या दर्शनाला आलेले पाहुणे असतात, शेजारी असतात, मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे करणारे नातेवाईक असतात. ऐकणारी मात्र लेकराचे झटके बघून बघून थकलेली आई असते, आणि नुकसान तिच्या लेकराचं होतं.

हा सल्ला पटतो, कारण त्यातला एक धागा खरा आहे. उपाशी राहिल्यावर झटके कमी होतात हे निरीक्षण जुनं आहे. पॅरिसमध्ये गुएल्पा आणि मारी या डॉक्टरांनी १९११ मध्ये अपस्माराच्या रुग्णांना उपाशी ठेवून तसं नोंदवलं होतं. पण लेकराला किती दिवस उपाशी ठेवणार? १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रसेल वाइल्डर यांनी त्यातून वाट काढली. उपाशी शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं, यकृत त्या चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ तयार करतं आणि मेंदू त्यांवर चालू शकतो. मग जेवणातली कर्बोदकं, म्हणजे धान्य, साखर, कंदमुळं, जवळपास काढून टाकली आणि त्या जागी स्निग्ध पदार्थ दिले, तर खाऊनपिऊनही शरीर उपाशी असल्यासारखं वागेल, असा त्यांचा विचार होता. हाच कीटोजेनिक आहार. १९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध झटके रोखतं असं दिसून आलं. गोळी देणं सोपं, म्हणून आहार मागे पडला आणि १९९०च्या दशकात पुन्हा वर आला. आपल्याकडे मुंबईत, दादरच्या शुश्रूषा रुग्णालयातले डॉ. जनक नाथन यांनी १९९६पासून तो भारतीय मुलांच्या जेवणात बसवला आणि २००९ मध्ये तो अनुभव ‘इंडियन पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात मांडला.

म्हणजे आहाराने झटके कमी होतात हे खरं. पण ‘उपास धरा’ या सल्ल्याशी त्याचा काय संबंध? आपल्या उपासाचं ताट डोळ्यांसमोर आणा: साबुदाणा, भगर, रताळं, केळं, खजूर. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदकं असतात. या आहाराचा जो सैल प्रकार आहे, ज्याला सुधारित ॲटकिन्स आहार म्हणतात, त्यातही सुरुवातीला लेकराला दिवसभरात साधारण १० ते २० ग्रॅम कर्बोदकांचीच मुभा असते. खिचडीच्या एका बशीत दोन दिवसांची कर्बोदकं संपतात. आपला उपास हा कीटो आहाराच्या नेमका उलटा आहे. रोजा सोडताना खजूर आणि सरबत घेतात, तिथेही तेच. शिवाय उपास असो की रोजा, लेकरू दिवसभर पाण्याविना राहिलं, पहाटे उठल्याने झोप मोडली किंवा गोळीची वेळ टळली, तर त्यानेच झटका येऊ शकतो. श्रद्धेला कुणी हात लावत नाही. मारुतीला जा, दर्ग्यात जा, नवस बोला. फिट येणाऱ्या लेकराला उपाशी ठेवू नका, एवढंच म्हणणं आहे.

आता त्या सल्ल्यातला सगळ्यात घातक भाग: गोळ्या बंद करा. हा आहार उपयोगी आहे याचा पुरावा ज्या अभ्यासांतून आला, तेच बघू. लंडनच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त छापलेल्या अभ्यासात १४५ मुलं होती. निदान दोन औषधांनी गुण न आलेली, रोज झटके येणारी. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्या गटातल्या ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून अधिक घटले, आहार न घेणाऱ्या गटात ६ टक्क्यांचे. दिल्लीच्या एम्समध्ये १०२ मुलांवर सुधारित ॲटकिन्स आहाराचा असाच अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये ‘एपिलेप्सिया’त आला: तिथे हे आकडे ५२ टक्के आणि ११.५ टक्के होते. आणि या अभ्यासांतल्या मुलांची औषधं? चालूच होती. आहार औषधांच्या जोडीला दिला होता, त्यांच्या जागी नाही. ‘अमेरिकेतसुद्धा हेच करतात’ म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं, किंवा सांगायचं नसतं. आहाराचा चांगला गुण आला तर पुढे डॉक्टर एखादं औषध हळूहळू कमी करतात, तेही खरं आहे. पण आज एकदम गोळी थांबवली तर झटक्यांमागून झटके येत राहू शकतात, लेकरू शुद्धीवर येत नाही, आणि अशा अवस्थेत जीव जाऊ शकतो.

राहिली वाटीभर तुपाची गोष्ट. भाकर, वरण-भात, बिस्किटं तशीच ठेवून वरून तूप वाढवलं तर कीटोन तयारच होत नाहीत. फक्त वजन वाढतं. कडक प्रकारच्या आहारात प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम, तर त्यामागे चार ग्रॅम स्निग्ध पदार्थ, असं मोजमाप असतं. प्रत्येक जेवण ग्रॅमच्या काट्यावर तोललं जातं. सर्दी-खोकल्याच्या गोड सिरपमधली साखरही हिशेबात धरावी लागते. लेकरू दुसऱ्याच आजाराने दवाखान्यात गेलं तर ‘याचा कीटो आहार चालू आहे’ हे आधी सांगावं लागतं, नाहीतर सवयीने ग्लुकोजची बाटली लागते.

सुरू करण्याआधीच्या तपासण्या तर टाळता येतच नाहीत. काही मुलांना जन्मतःच असा दुर्मीळ दोष असतो की शरीर चरबी जाळूच शकत नाही. त्यांच्यासाठी हा आहार जीवघेणा आहे. आणि बाहेरून बघून हा दोष ओळखू येत नाही. इतर मुलांनाही बद्धकोष्ठ होतं, रक्तातली साखर उतरते, रक्तातली आम्लता आणि चरबी वाढते, काहींना मूतखडा होतो, उंची-वजन मंदावतं. म्हणून कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं वेगळी द्यावी लागतात, लघवीतले कीटोन तपासावे लागतात, ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. हे बालमेंदूविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ या दोघांच्या हाताखाली करायचं काम आहे. औषधाइतकंच औषध आहे हे, आणि औषधाइतकेच त्याचे दुष्परिणाम.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

शाकाहारी घरात हे जमत नाही, असं म्हणतात. जमतं. पनीर, लोणी, साय, खोबरं, तीळ, मोजून शेंगदाणे, पालेभाज्या यांवर आहार बसवता येतो. अंडी चालत असतील तर काम सोपं होतं. अवघड जातं ते लेकराच्या हातातून भाकर काढून घेणं आणि सीताफळाच्या दिवसांत त्याला सीताफळाला नाही म्हणणं.

आयुष्यभर असंच खावं लागतं, हे बहुतेकांच्या बाबतीत खरं नाही. साधारण तीन महिने करून बघतात. गुण नाही आला तर सोडतात, आला तर दोनेक वर्षं चालवून हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणतात.

कडक प्रकार झेपत नसेल तर काहीच उरत नाही, हेही चूक. एम्सनेच २०२० मध्ये ‘जामा पीडियाट्रिक्स’मध्ये तीन प्रकारांची तुलना छापली. कडक आहारात झटक्यांची मध्यक घट ६६ टक्के होती. रक्तातली साखर हळू वाढवणाऱ्या पदार्थांच्या सौम्य आहारात ५४ टक्के, आणि त्यात दुष्परिणाम कमी.

वजन उतरवण्याचा जिममधला कीटो आणि हा आहार एक नाही.

आणि चप्पल, कांदा हुंगवून फिट थांबत नाही. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते, म्हणून कांद्याला श्रेय मिळतं. लेकराला कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली तर थेट दवाखाना.

मग हा आहार कुणासाठी? पहिल्या फिटनंतर लगेच कुणासाठीही नाही. अपस्माराच्या साधारण दोन-तृतीयांश रुग्णांना औषधांनीच आराम पडतो. नीट निवडलेली, पुरेशा मात्रेत, न चुकवता घेतलेली दोन औषधं देऊनही झटके थांबत नसतील, तर त्याला औषधांना न जुमानणारा अपस्मार म्हणतात. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१० मध्ये ही व्याख्या केली. तिसऱ्या-चौथ्या औषधाने पूर्ण आराम पडण्याची शक्यता फार थोडी उरते, आणि तिथे आहाराचा विचार करायचा असतो. मेंदूत ग्लुकोज पोचवणारं प्रथिनच कमी असण्याचा एक दुर्मीळ आजार आहे, ग्लुट-वन कमतरता नावाचा. त्यात मात्र हा आहार पहिला उपचार. लहान बाळांचे दचकल्यासारखे, ओळीने येणारे झटके आणि द्रावे सिंड्रोम हा अपस्माराचा प्रकार, यांतही त्याचा उपयोग चांगला होतो.

माझा राग व्हिडिओवर आहे तितकाच आणखी एका गोष्टीवर आहे. ज्या लेकरांना या आहाराची खरी गरज आहे त्यांच्या आईबापांना त्याचं नाव दवाखान्यात कळायला हवं, ते कळतं फॉरवर्डमधून, आणि तेही मोडक्या स्वरूपात. चौथी, पाचवी गोळी वाढत राहते, लेकरू झोपाळतं, शाळा सुटते, आणि या उपायाचा विषयच कुणी काढत नाही.

तेव्हा तुम्हीच काढा. खुलताबादहून जिल्ह्याच्या शहरातलं सरकारी घाटी रुग्णालय साधारण २५ किलोमीटरवर आहे, तिथला बालरोग विभाग ही सुरुवात करायची जागा. जाताना झटक्यांच्या तारखा आणि वेळा लिहिलेली वही न्या, एका झटक्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्या, आजवरच्या सगळ्या औषधांच्या चिठ्ठ्या न्या, आणि विचारा: “दोन औषधं झाली, तरी झटके आहेत. माझ्या लेकराला कीटोजेनिक आहार चालेल का, आणि तो कुणाच्या देखरेखीखाली सुरू करायचा?” उत्तर मिळेपर्यंत आजची गोळी आजच्या वेळेला द्या.