जसे पाणी, तसा डास

पावसाळा आला की डास वाढतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची नाही, परंतु अपुरी आहे. भर उन्हाळ्यात, गावाला टँकरने पाणी येत असतानाही डेंग्यूचे रुग्ण आढळतात, याचा उलगडा तिच्यातून होत नाही. म्हणून डासांचा विचार करताना ते ज्या पाण्यात वाढतात त्या पाण्याचा विचार आधी करावा, असे आम्हांस वाटते.

अंडी, अळी, कोष आणि पूर्ण डास अशा डासाच्या चार अवस्था आहेत. यांपैकी अळी आणि कोष पाण्यावाचून जगू शकत नाहीत. उबदार हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठ ते दहा दिवस पुरतात. थंडीत हा काळ लांबतो. मात्र सर्व डासांना एकच पाणी मानवत नाही. हत्तीरोग पसरविणारा क्युलेक्स तुंबलेल्या गटारात आणि सांडपाण्यात वाढतो. हिवताप पसरविणारा अॅनोफिलीस ओढ्यातील डबकी, पाझरणारे कालवे, विहिरी आणि शहरांतील उघड्या टाक्या पसंत करतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरविणारा एडिस मात्र आपल्या घरातच राहतो. पिंप, रांजण, कूलर, कुंडीखालची बशी, टाकून दिलेले टायर ही त्याची ठिकाणे होत.

टंचाईतील डेंग्यूचे कारण येथेच आहे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत असेल, तर घरोघरी पाणी साठविले जाणारच. हा त्या घरांचा निष्काळजीपणा नव्हे. ती त्यांची निकड आहे. पाणी नियमित मिळाले, तर साठवण आपोआप कमी होते. तोवर झाकण हवे आणि घासणेही हवे. कारण एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या काठाला चिकटतात, कोरडी पडूनही काही महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.

पावसाचेही असेच आहे. मुसळधार पाऊस अळ्यांना वाहून नेतो; सरी आणि उघडीप यांचा पाठशिवणीचा खेळ मात्र नवी डबकी तयार करतो. दमट हवेत डासाचे आयुष्य वाढते, आणि खरा धोका तेथे आहे. हिवतापाचे जंतू मादीच्या शरीरात पूर्ण वाढण्यास बहुधा दहा दिवसांहून अधिक काळ लागतो. तितके दिवस जगलेली मादीच रोग पसरवू शकते.

निसर्गात डासांना शत्रूही आहेत. मासे आणि चतुराची पाण्यात राहणारी पिले अळ्यांवर जगतात. तळ्यात सांडपाणी सोडले की पाण्यातील प्राणवायू घटतो आणि हे रक्षक मरतात. क्युलेक्सची अळी मात्र पाण्याच्या पृष्ठभागावर नळी लावून हवेतून श्वास घेते. तिचे काही बिघडत नाही. तळे घाण करून आपण शत्रूला अभय देतो.

याचा विसर पडल्यास काय होते, हे आपल्या देशाने अनुभवले आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात वर्षाला सुमारे 7.5 कोटी लोकांना हिवताप होत असे, असा अंदाज आहे. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीच्या फवारणीने 1965 पर्यंत रुग्णसंख्या सुमारे 1 लाखावर आली. परंतु डासांत त्या औषधाला दाद न देण्याची शक्ती निर्माण झाली, कामात शिथिलता आली, शहरे वाढली. आणि 1976 मध्ये रुग्णसंख्या सुमारे 64 लाखांवर पोहोचली. औषधाने डास मेले, पण त्यांना जन्म देणारे पाणी तसेच राहिले.

वसतिगृहात अनेक मुले एका छताखाली निजतात. तेथे एका उघड्या टाकीचा परिणाम सर्वांना भोगावा लागतो. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळावा, असा आमचा आग्रह आहे. त्या दिवशी पिंपे रिकामी करून घासावीत, कूलर पुसावेत, टाक्यांची झाकणे तपासावीत, गच्चीवरील पन्हळी मोकळ्या कराव्यात. अंड्यातून अळी आणि अळीचा डास होण्यास साधारणतः आठवड्याहून अधिक काळ लागतो. आपण सातव्या दिवशी पोहोचलो, तर तिच्या आधी पोहोचतो. या कामाला पैसा फारसा लागत नाही, सातत्य मात्र लागते. मुलांनी ही सवय घरी नेली, तर तिचा लाभ गावालाही होईल.