स्लॅबवरचे ऊन आणि छताचे उष्णतारोधन

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत दुपारपेक्षा रात्र अधिक जाचक ठरते. कारण काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन शोषून घेतो, सूर्य मावळल्यावर तीच उष्णता तासन्‌तास खाली सोडत राहतो आणि पंखा छताजवळची गरम हवाच अंगावर लोटतो. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदात तुळया-फळ्यांवर मातीचा जाड थर असे व घर त्याच्या आसऱ्याने थंड राही. स्लॅब आला तेव्हा छत पक्के झाले खरे, पण ती जाडी गेली.

तिची भरपाई विटांच्या कोब्याने होते, हा समज गवंड्यांपासून घरमालकांपर्यंत सर्वत्र आढळतो आणि तो बराचसा चुकीचा आहे. उष्णतावाहकता, म्हणजे पदार्थातून उष्णता किती सहज वाहते याचे माप, विटेच्या बाबतीत सुमारे ०.८ आहे, तर ‘एक्सपीएस’ या नावाने मिळणाऱ्या, बंद पेशींच्या घट्ट फोमच्या पाट्यांच्या बाबतीत ते जेमतेम ०.०३ आहे, म्हणजेच ५ सेंटिमीटर पाटीची बरोबरी करायला वीटकाम सव्वा मीटरहून अधिक जाड लागेल. कोबा पाण्याला उतार देण्यासाठी आवश्यकच आहे, मात्र उन्हासाठी त्याच्यावर विसंबता येत नाही.

केंद्राच्या ‘इको निवास संहिता २०१८’ने छताच्या ‘यू-मूल्या’ची, म्हणजे आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना छताच्या एक चौरस मीटरमधून जितके वॅट उष्णता जाते त्या आकड्याची, कमाल मर्यादा १.२ ठरवली आहे. १५ सेंटिमीटरच्या उघड्या स्लॅबचे हे मूल्य तीनच्या वर जाते. ५ सेंटिमीटर एक्सपीएस घातल्यास ते ०.५च्या आसपास उतरते.

थर कोठे घालायचा, हा प्रश्न कोणता घालायचा याहून कमी महत्त्वाचा नाही. तो स्लॅबच्या वर असला तर स्लॅब मुळात तापतच नाही. फॉल्स सीलिंगमध्ये असला तर वरचा स्लॅब तापतच राहतो, म्हणून गच्ची स्वतःच्या ताब्यात नसेल तेव्हाच तो मार्ग धरावा, आणि तेव्हाही विजेच्या वायरींशेजारी सहज पेटणारे साधे थर्माकोल टाळावे. ग्लास वूल पेटत नाही. पण तंतूंमधल्या कोरड्या हवेवरच त्याचे काम चालत असल्याने कोकणातल्या गळक्या छताखाली ते ओले होऊन निकामी ठरते.

एवढा खर्च झेपत नसेल तर गच्चीला चुन्याची सफेदी किंवा पांढरा परावर्तक रंग द्यावा, कारण पांढरा पृष्ठभाग बरेचसे ऊन शोषण्याआधीच परतवतो. धुळीने तो मळला की गुण घटतो, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर गच्ची धुणे ओघानेच आले. पाट्या बसवायच्याच असतील तर त्याआधी गच्चीत एक-दोन दिवस पाणी तुंबवून गळती तपासून घ्यावी. वर लादी बसल्यानंतर गळती निघाली तर सगळेच उखडावे लागते.