कीटक-पीठ आणि कोंबडीच्या मांसाचा दर्जा

वर्धा जिल्ह्यात सोयाबीन हे खरिपाचे एक प्रमुख पीक असून, त्याची पेंड हा कोंबडीखाद्यातील प्रथिनांचा मुख्य आधार होय. या पेंडीचे भाव २०२१ मध्ये इतके चढले की, जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीस केंद्र शासनाला ऑगस्टमध्ये मुभा द्यावी लागली. त्याच वर्षी युरोपीय संघाने कोंबड्यांच्या खाद्यात कीटकजन्य प्रथिनांस अनुमती दिली. पेंडीला पर्याय म्हणून कीटक-पिठाचा विचार होऊ लागला आहे तो या पार्श्वभूमीवर. परंतु पक्ष्याचे वजन वाढले एवढ्यावरून मांसही चांगले उतरले, असे अनुमान काढता येत नाही.

प्रथम प्रथिनांचा हिशेब पाहू. नत्राच्या प्रमाणास ६·२५ ने गुणण्याची रूढ रीत कीटकांस जशीच्या तशी लागू पडत नाही. कारण त्यांच्या आवरणातील कायटिनमध्येही नत्र असते. म्हणून २०१७ मध्ये अळ्यांसाठी ४·७६ हा गुणक सुचविण्यात आला. ८ टक्के नत्राच्या पिठात रूढ गुणकाने ५० टक्के प्रथिने दिसतात. नव्या गुणकाने सुमारे ३८.

मांसाच्या दर्जाचा प्रश्न मात्र मुख्यतः मेदाचा आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांप्रमाणे कोंबडीच्या पोटात स्निग्धाम्लांचे रूपांतर होत नाही. खाद्यातील आम्ले बऱ्याच अंशी तशीच तिच्या मांसात उतरतात. ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांत लॉरिक हे संपृक्त आम्ल विपुल असते. त्यांच्या पिठाची मात्रा वाढली की, मांसातील बहु-असंपृक्त आम्लांचे प्रमाण घटते. रेशीमकिड्याच्या कोशातील प्यूपांची गोष्ट उलट आहे. त्यांच्यातील लिनोलेनिक आम्लाने मांस समृद्ध होते; पण तेच आम्ल हवेने लवकर खवट होते आणि त्याचा वास मांसास लागण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांवर जाणाऱ्या वर्ध्यात हा दोष अधिकच जाणवेल.

यावर उपाय मेद काढून घेण्याचा. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने तेलघाणीवर जे संशोधन केले, त्यातील एक जुना धडा येथे उपयोगी पडतो: पेंडीचा गुण तीत उरलेल्या तेलावरही अवलंबून असतो. कीटक-पिठासही हीच कसोटी लावली पाहिजे.

तेव्हा या विषयावरील प्रयोगात पिठातील उर्वरित मेद, वापरलेला नत्र-गुणक, छाती व मांडी या दोहोंतील स्निग्धाम्ले आणि साठवणीनंतरचा वास यांची नोंद अवश्य असावी. त्यावाचून, कीटक-पिठाने मांस सुधारले की बिघडले, हा वाद निर्णायक ठरणार नाही.