रिपोर्ट नॉर्मल, गुडघा सुजलेला

उन्हाळ्यापुरत्या मुलाकडे न्यू जर्सीला गेलेल्या एका वाचक आजींनी विचारलं आहे : 'अंगणात खेळून आल्यावर नातवाच्या कानामागे गोचीड चिकटलेली सापडली. डॉक्टरांनी ती चिमट्याने काढली, कधीपासून चिकटली असेल असं दोनदा विचारलं आणि लक्ष ठेवा म्हणून घरी पाठवलं. रक्त तपासलंसुद्धा नाही! हा निष्काळजीपणा नाही का?'

नाही, आजी. त्या दिवशी रक्त तपासलं असतं तर रिपोर्ट निगेटिव्हच आला असता आणि त्यातून काहीही कळलं नसतं. गोचिडीपासून होणाऱ्या लाइम रोगाच्या नेहमीच्या तपासण्या जंतू शोधत नाहीत. जंतूविरुद्ध आपल्या शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधतात आणि ती मोजण्याइतकी वाढायला काही आठवडे जातात. म्हणून चाव्याभोवती दिवसेंदिवस पसरत जाणारा लाल चट्टा दिसला, की जाणते डॉक्टर रिपोर्टसाठी न थांबता डॉक्सिसायक्लिन किंवा तत्सम औषध सुरू करतात. दोन-तीन आठवड्यांत बहुतेकांचं काम भागतं. पंचाईत होते ती चट्टा उठलाच नाही, किंवा केसांत, पाठीवर उठून कुणाच्या नजरेला पडलाच नाही तर. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या म्हणण्यानुसार चट्टा ७० ते ८० टक्के रुग्णांत येतो. उरलेल्यांना थोडा ताप, अंगदुखी, थकवा. फ्लू समजून ते सोडून देतात. मग काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, हृदयाचे ठोके अडखळतात किंवा गुडघा सुजतो. तोवर गोचीड कुणाच्या लक्षात असते? अनेकांना ती चावली हेच मुळात कळलेलं नसतं.

कळणार तरी कसं? हा रोग बहुतेकदा देते ती पूर्ण वाढलेली गोचीड नव्हे, तर तिची मधल्या अवस्थेतली, खसखशीच्या दाण्याएवढी 'निम्फ'. ती उडत नाही, उडी मारत नाही. गवताच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसते. त्या पायांवर एक खळगा असतो आणि त्यातून तिला आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड कळतो. कपडा घासून गेला, की ती त्याला लटकते, मऊ जागा शोधते, मागे वळलेल्या काट्यांची सोंड त्वचेत रोवते आणि वर लाळेतला चिकट पदार्थ सोडून ती पक्की करते. याच लाळेत भूल आहे, रक्त गोठू न देणारी द्रव्यं आहेत आणि आपल्या प्रतिकारशक्तीला गाफील ठेवणारी प्रथिनंही आहेत. इतका बारकाईने रचलेला चोरीचा बेत जीवसृष्टीत फार थोड्यांकडे असेल!

डॉक्टरांनी 'कधीपासून' असं दोनदा विचारलं त्यालाही कारण आहे. बोरेलिया नावाचा हा मळसूत्री जंतू उपाशी गोचिडीच्या आतड्यात 'ओएसपीए' नावाच्या प्रथिनाचा अंगरखा घालून पडून असतो. गरम रक्त पोटात आलं, की तो अंगरखा उतरवतो, 'ओएसपीसी' हा दुसरा चढवतो आणि लाळग्रंथींकडे निघतो. या प्रवासात साधारणपणे एक दिवस तरी जातोच. त्याआधी गोचीड निघाली तर धोका फारच कमी. बारीक टोकाचा चिमटा घ्यायचा, त्वचेलगत धरायचा आणि सरळ वर ओढायचा. रॉकेल, तूप, पेटती काडी यांतलं काहीही नको.

आता ज्या बाईंसाठी मी खरं तर हा लेख लिहायला घेतला त्यांच्याकडे वळतो. पाठ्यपुस्तकांत लाइमच्या शोधाचं श्रेय अ‍ॅलन स्टीअर आणि विली बर्गडॉर्फर यांना मिळतं, आणि ते रास्तच आहे. पण दोघांच्या आधी एक चित्रकार होती, पॉली मरे. कनेक्टिकट नदीच्या मुखाजवळ, गर्द झाडीत वसलेल्या लाइम गावात राहणारी, चार मुलांची आई. १९६०च्या दशकात तिला डोकेदुखी, ताप, अंगावर पुरळ, सुजलेले सांधे हे सगळं आळीपाळीने होऊ लागलं. ती डॉक्टरांमागून डॉक्टर पालथे घालत राहिली. तपासण्यांत काही सापडेना. काहींनी मग नेहमीचा निष्कर्ष काढला, की दुखणं बाईंच्या मनात आहे. रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस आडवा, अशा अवस्थेत वर्षं काढणं काय असतं, हे ज्यांनी काढली आहेत त्यांनाच ठाऊक.

मरेबाईंनी मात्र वही घातली. कुणाला, कधी, काय झालं याची नोंद. घरात मुलांचे गुडघे सुजले, तेही टिपलं. शेजारच्या रस्त्यावर कुणाचं पोर कुबड्या घेऊन शाळेत जाऊ लागलं, तेही टिपलं. डॉक्टर या मुलांना 'बालसंधिवात' असं लेबल लावत होते. बालसंधिवात हा क्वचितच एखाद्या मुलाला होणारा विकार. तो एकाच गावात, एकाच गल्लीत, एकाच घरात इतक्या जणांना होईल कसा? हा प्रश्न घेऊन ऑक्टोबर १९७५मध्ये त्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याला फोन केला. त्याच भागातल्या आणखी एका आईनेही तेच केलं. फोन घेणाऱ्या डेव्हिड स्निडमन यांनी तो झटकून टाकला नाही, हे आपलं नशीब. त्यांनी येल विद्यापीठात संधिवातशास्त्राचं प्रशिक्षण नुकतंच सुरू केलेल्या स्टीअर यांना गाठलं. मरेबाई त्यांना भेटायला गेल्या त्या रुग्णांची यादी हातात घेऊनच.

स्टीअर यांनी तीन गावांत ५१ रुग्ण शोधले : ३९ मुलं, १२ मोठी माणसं. रानालगतच्या काही रस्त्यांवर दर दहा मुलांमागे एक आजारी होतं. दुखणं बहुतेकांना उन्हाळ्यात किंवा त्यानंतर लगेच सुरू झालं होतं. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना सांधे सुजण्याआधी पसरणारा चट्टा आल्याचं आठवत होतं; त्या जागी गोचीड चावल्याचं आठवणारा निघाला एकच. १९७७मध्ये 'लाइम आर्थ्रायटिस' या नावाने हे प्रसिद्ध झालं.

गंमत म्हणजे हा चट्टा स्वीडनमध्ये जुनाच होता. आर्विड अफ्झेलियस या त्वचारोगतज्ज्ञाने १९०९मध्येच त्याचं वर्णन करून गोचिडीकडे बोट दाखवलं होतं, आणि १९५०च्या सुमाराला तिथले डॉक्टर तो पेनिसिलिनने बरा करत होते. अमेरिकेत मात्र सांधेवाले सांध्यांची मासिकं वाचत होते आणि त्वचावाले त्वचेची. लाइमपासून हाकेच्या अंतरावर, ग्रॉटनच्या नौदल तळावर दोन डॉक्टर असा चट्टा प्रतिजैविकांनी बरा होतो हे पाहत होते. येलच्या मंडळींना मात्र सुरुवातीला हा विषाणूच वाटत होता.

जंतू सापडला तो दुसरंच काही शोधताना. बर्गडॉर्फर मूळचे स्वित्झर्लंडमधल्या बाझलचे. डॉक्टरेट गोचिडी आणि त्यांच्यामुळे होणाऱ्या आवर्ती तापावर. पुढे ते मोंटानातल्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेत आले आणि तिथलेच झाले. १९८१च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडवरून त्यांच्याकडे गोचिडी आल्या. तिथल्या ठिपकेदार तापाचा जंतू त्यांत आहे का, ते पाहायचं होतं. त्यांची पद्धत अशी : गोचिडीच्या पायाचं टोक कापायचं, येणारा थेंब काचेवर घ्यायचा, रंगवायचा. अपेक्षित जंतू दिसला नाही; पण दोन गोचिडींच्या थेंबांत सूक्ष्म कृमी दिसले. त्यांच्या आणखी अवस्था आत असतील म्हणून त्यांनी गोचिडी फाडून आतड्याच्या काचा बनवल्या. तिथे कृमींऐवजी फिकट रंगलेले, लांब, वेडेवाकडे पीळ दिसले. दुसऱ्या कुणी ते डाग समजून पुसून टाकले असते. बर्गडॉर्फर यांनी विद्यार्थिदशेत असे पीळ बघण्यात वर्षं घातली होती! लाइमच्या रुग्णांच्या रक्तद्रवातली प्रतिपिंडं या पिळांना जाऊन चिकटली, अ‍ॅलन बार्बर यांनी ते प्रयोगशाळेत वाढवले, आणि जून १९८२मध्ये 'सायन्स'मध्ये शोधनिबंध आला. जंतूला पुढे बर्गडॉर्फर यांचंच नाव मिळालं. मरेबाईंचं नाव कशालाच नाही. 'द वायडनिंग सर्कल' हे आपलं पुस्तक त्यांनी १९९६मध्ये स्वतःच लिहिलं.

इथे माझी एक तक्रार आहे. मरेबाई बरोबर निघाल्या, या गोष्टीचं आता काही ठिकाणी दुकान झालं आहे. थकवा, झोप नाही, लक्ष लागत नाही, तर तुम्हाला 'क्रॉनिक लाइम' आहे, तपासणी निगेटिव्ह असली तरी आहे. घ्या महिनोन्महिने शिरेतून प्रतिजैविकं! नीट उपचार होऊनही काही टक्के रुग्णांचा थकवा आणि वेदना महिनोन्महिने रेंगाळतात, हे खरं आहे. त्यांना पुन्हा 'मनाचे खेळ' म्हणणं म्हणजे १९६०च्या दशकात परत जाणं. पण लांबलेल्या प्रतिजैविकांचा त्यांना उपयोग होत नाही, हे अमेरिकेतल्या २००१च्या आणि नेदरलँड्समधल्या २०१६च्या चाचण्यांत दिसलं आहे. उलट शिरेत महिनोन्महिने ठेवलेल्या नळीतून जंतुसंसर्ग होऊन माणसं दगावली आहेत. मरेबाईंचं मोठेपण त्यांच्या यादीत होतं : त्यांनी कुठलाही रोग गृहीत धरला नाही, फक्त मोजायला लावलं.

आपल्याकडे लाइमचा प्रश्न मोठा नाही. आपली गोचिडीची काळजी वेगळी आहे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात आणि गोव्याच्या सत्तरीत काजूच्या हंगामात येणारा माकडताप हा विषाणूचा. त्यावर प्रतिजैविकं चालत नाहीत. तो विषाणू १९५७मध्ये पुण्याच्या संस्थेने, आजच्या एनआयव्हीने, शोधला. तिथेही सुरुवात झाली ती शिमोग्याच्या रानात माकडं मरताहेत, ही गोष्ट कुणीतरी मनावर घेतली तेव्हाच.

मग लाइमवर लस का नाही? होती. १९९८च्या अखेरीस अमेरिकेत 'लाइमरिक्स' बाजारात आली. टोचायची माणसाला आणि काम करायची गोचिडीच्या पोटात! लस घेतलेल्याचं रक्त गोचिडीने ओढलं, की त्यातली प्रतिपिंडं पहिल्या अंगरख्यातल्या जंतूला तिथल्या तिथे गारद करत. सुमारे ११ हजार लोकांवरच्या चाचणीत तीन डोसांनंतर ती ७६ टक्के परिणामकारक ठरली. चाचणीचे प्रमुख होते स्टीअर. त्याच वर्षी त्यांचाही सहभाग असलेल्या एका संशोधनात शंका निघाली, की ओएसपीएचा एक तुकडा आपल्याच एका प्रथिनासारखा दिसत असल्याने काहींत संधिवात होऊ शकेल. लस घेतलेल्यांत संधिवाताचं प्रमाण जास्त आढळलं नाही. पण बातम्या झाल्या, खटले झाले, खप कोसळला आणि फेब्रुवारी २००२मध्ये कंपनीने लस मागे घेतली. कुत्र्यांची लाइमची लस मात्र दुकानात राहिली. याच ओएसपीएवर बेतलेल्या, पण तो वादग्रस्त तुकडा वगळलेल्या नव्या लशीची माणसांवरची शेवटच्या टप्प्यातली चाचणी २०२२च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. म्हणजे मधली वीस वर्षं न्यू जर्सीतल्या घरात कुत्र्याला लस मिळत होती आणि त्याच्याबरोबर गवतात लोळणाऱ्या मुलाला नव्हती.