हेमाकाची मोहोर, अमात्यांची समाधी

पन्हाळ्यावर सोमाळे तलावापासून थोडं पुढे गेलं की शेजारी शेजारी दोन समाध्या दिसतात. उजवीकडची रामचंद्रपंत अमात्यांची, बाजूची त्यांच्या पत्नीची. राजाराम महाराज जिंजीला गेले तेव्हा मुलखाचा सारा भार ‘हुकूमतपन्हा’ या किताबासह पंतांवर आला होता. १७१६ मध्ये ते इथेच वारले.

राज्याचा कारभार वाहिलेल्या माणसाच्या मागे काय उरतं? याचं फार जुनं उदाहरण इजिप्तमध्ये सक्कारा इथे आहे. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी, पहिल्या राजवंशातल्या डेन राजाचा मोहोर सांभाळणारा अधिकारी होता हेमाका. त्याचं थडगं म्हणजे कच्च्या विटांची, जवळपास ५७ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद इमारत. मृतालाही अन्नपाणी लागतं ही श्रद्धा, म्हणून तिच्या पोटात कोठारंच कोठारं. दफनाची खोली त्याखाली खडकात कोरलेली. तिच्याकडे जिना उतरतो. दफन झाल्यावर वरून जड शिळा सोडून तो बंद करायचे. चोर तरीही पोचलेच.

वॉल्टर एमरी यांनी १९३६ मध्ये इथे उत्खनन केलं, तेव्हा हेमाकाचं नाव मिळालं ते मडक्यांच्या बुचांवर. मडक्याच्या तोंडावर ओल्या मातीचा गोळा थापायचा आणि त्यावरून कोरलेली दंडगोल मोहोर फिरवायची. राजाचं आणि अधिकाऱ्याचं नाव मातीत उमटतं. चोरांना या मातीची किंमत नव्हती, म्हणून ती वाचली. तिथेच एका गोल लाकडी पेटीत पपायरसची गुंडाळी होती, कोरी. परलोकातही लिहिण्याचं काम असणार, अशीच ही तयारी वाटते.

आपल्याकडे दहनाची रीत. त्यामुळे समाधीत कोठारं नाहीत, सामान नाही. असते ती जागेची खूण, आणि खूण बुजते. पंतांची समाधीही विसाव्या शतकापर्यंत ढिगाऱ्याखाली होती. त्यांचा कारभार कळतो तो त्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रातून. आरमारासाठी लाकूड लागतं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊनच तोडावं, इतक्या बारकाव्यानं ते लिहितात. मला हा मजकूर कुठल्याही थडग्यातल्या ऐवजाहून मोलाचा वाटतो.

पन्हाळ्याला गेलात तर तीन दरवाजा आणि अंधारबाव पाहून परतू नका. समाधीपाशी जा, आणि जाण्याआधी आज्ञापत्रातलं दुर्गांचं प्रकरण तेवढं वाचून घ्या.