डब्यातलं चुकलेलं नाणं

मागच्या महिन्यात आमच्या गटातल्या एका वहिनींनी मोबाइलवर पाहिलं, की वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच रुपयांचं नाणं लाखांना विकलं जातं. त्यांच्याकडे ते होतं. फोन केला, तर आधी नोंदणीचे पाचशे मागितले, मग कराचे दोन हजार. वहिनींनी भरले. नंतर तो फोन लागलाच नाही. म्हणून आज नाण्यांवरच बोलू.

ते नाणं चुकलेलं नव्हतंच. २०१२ सालचं ते नाणं सरकारनेच काढलेलं आहे. संग्राहक शोधतात ते टाकसाळीत बिघडलेलं नाणं. तिथे धातूची कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबतात. पुरीच्या यंत्रात गोळा सरकला तर पुरी एका बाजूला जाते ना, तसंच चकती सरकली की चित्र कडेला जातं आणि दुसरीकडे कोरी कोर उरते. कधी आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहतं. मग पुढच्या नाण्यावर एका बाजूला नेहमीचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं, खोलगट उमटतं. असं नाणं खरंच दुर्मीळ.

ठोकलेलं, घासलेलं, जळालेलं नाणं मात्र यात येत नाही. दहाच्या नाण्याचं कडं कुणीतरी ठोकून काढलेलं असतं, तेही नाही. आणखी एक घोळ वर्षाखालच्या खुणेचा. मुंबईची खूण पत्त्यातल्या चौकटसारखी, हैदराबादची चांदणी, नोएडाचं टिंब. कोलकात्याच्या नाण्यावर खूणच नसते. ‘खूण सुटलीय’ म्हणून ते जपून ठेवू नका.

खरंच काही सापडलं तर चिंच-राखेने घासू नका, चकाकी आली की किंमत उतरते. कागदात गुंडाळा. नाणेसंग्राहकांच्या प्रदर्शनात दोन-तीन जणांना दाखवा. किरकोळ चुकीला फारसं मिळत नाही, हेही ऐकून ठेवा.

आणि विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, हे कुठल्या बाजारात असतं? आपण वांगी विकताना गिऱ्हाइकाला पैसे देतो का? रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच सांगितलंय, की बँक जुनी नाणी घेत-विकत नाही, त्यासाठी शुल्क मागत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, जितका उशीर तितकी आशा कमी. वहिनींनी लाजेपायी आठ दिवस कुणाला सांगितलंच नव्हतं.

परवाच्या बैठकीत आम्ही गटाचा डबा सतरंजीवर ओतला. एक रुपयाचं एक नाणं निघालं, चित्र कडेला सरकलेलं. ते कागदात ठेवलं आणि बदल्यात डब्यात दुसरा रुपया टाकला, कारण हिशेब गटाचा आहे. नाणं सध्या वहिनींकडेच आहे.